घोडीची आयाळ दोन्हीकडे पडते आणि मधेच ताठ उभी राहते, भादरून टाकू का?

रानवाट

नमस्कार मंडळी, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आम्ही इंदापूर तालुक्यातले, ऊस, थोडा मका आणि १५-१६ शेळ्या. मागच्या दिवाळीनंतर एका धनगर कुटुंबाकडून भीमथडी जातीची घोडी घेतली, मैना नाव तिचं, सहा वर्षांची, रंगाने कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी, उंचीला माझ्या खांद्याच्या जरा खालीच. आमच्याकडे यायच्या आधी ती त्यांचा सगळा संसार पाठीवर घेऊन कोकणात जाऊन येऊन होती, त्यामुळे पाय पक्के आणि स्वभावाने खूप शांत. माझा मुलगा १२ वर्षांचा आहे, तो तिच्यावर बसायला शिकतोय.

अडचण आहे आयाळीची. इतकी दाट आहे की एका मुठीत मावत नाही, कानामागची अर्धी डावीकडे पडते, खांद्याकडची उजवीकडे, आणि मधे वीतभर पट्टा आहे तो कुठेच पडत नाही, झाडूसारखा ताठ उभा. लगाम हातात घेतला की केस त्यात गुंततात, पोरगा केस सोडवत बसतो. माळावर सोडली की कुसळं आणि आघाड्याच्या बिया अडकून जटा होतात. प्लास्टिकचे दोन कंगवे मोडले. मग खोबरेल तेल चोपडलं तर त्यावर धूळ बसून आणखी चिकट झालं. शिवाय मानेला हात लावला की डोकं झटकते, आधी असं करत नव्हती.

शेजारचे म्हणतात मशीन लावून सगळी भादरून टाका, नवीन येईल ती सरळ येईल. सासूबाई म्हणतात घोड्याची आयाळ कापायची नसते. मला खरंच कळत नाहीये. कुणी अशी आयाळ वळणावर आणलीय का? काय वापरलं, किती दिवस लागले, सगळं सांगा.

पागेतला_गडी

ताई, भादरू नका. पहिलं तेच सांगतो. मी १४ वर्षं पुण्याकडे रायडिंग स्कूलमध्ये घोडे सांभाळतो. पोलोच्या घोड्यांची आयाळ पूर्ण काढतात ते बरोबर आहे, पण ती स्टिकमध्ये आणि लगामात अडकू नये म्हणून आणि तीसुद्धा मग सारखी काढावी लागते. एकदा मुळापासून उडवली की येताना सगळीच्या सगळी ब्रशसारखी उभी येते, महिन्याला जेमतेम दोनेक सेंटीमीटर वाढते, म्हणजे स्वतःच्या वजनाने खाली पडायला वर्ष जाणार आणि एवढ्या दाट आयाळीला त्याहून जास्तच. आत्ता वीतभर पट्टा उभा आहे, मग मानभर उभी राहील.

गुंता काढायची पद्धत सांगतो. कोरड्या केसात कंगवा घालायचाच नाही. आधी बोटांनी. एक बट घ्यायची, वरच्या बाजूला डाव्या हाताने घट्ट धरायची म्हणजे ओढ मुळाला लागत नाही, आणि खालच्या टोकापासून सोडवत सोडवत वर यायचं. वरून खाली ओढलं की गाठ आवळते आणि केस तुटतात. कुसळं, आघाडा असेल तर तिथल्या तिथे खोबरेल चालेल, बी निसटून येतं, पण त्याच दिवशी रिठ्याच्या पाण्याने किंवा घोड्याच्या शाम्पूने तेल धुऊन काढायचं, तेल केसात राहू दिलं की तुमच्यासारखं होतं. सिलिकॉनवाला स्प्रे मिळतो घोड्यांच्या दुकानात, तो मारून ठेवला की बी चिकटतच नाही. फक्त खोगिराच्या जागी उडू देऊ नका, पाठ बुळबुळीत होऊन खोगीर सरकतं, पोरगा शिकतोय म्हणून मुद्दाम सांगतो.

आता दाटपणा. आयाळ कमी करायची ती लांबीने नाही तर पोटातून, म्हणजे खालच्या थरातून. वरचे केस बाजूला घ्यायचे, खालचे पाच-सहाच केस चिमटीत धरायचे, बाकीचे कंगव्याने उलटे वर सारायचे, उरलेले कंगव्याला गुंडाळून एका झटक्यात काढायचे. घोडी फिरवून आणल्यावर अंग गरम असतं तेव्हा, कारण तेव्हा केस सुटतात. रोज १० मिनिटं, बस. एका दिवसात सगळं उरकायला गेलात तर मान सुजल्यासारखी होते आणि पुढच्या वेळी कंगवा दिसला तरी पळेल. वरच्या थरातला एकही केस उपटू नका, तिथे नवीन येणारा केस उभाच राहतो.

गुरांची_डॉक्टर

थांबा जरा, ताई आजच काही उपटू नका. मी पशुवैद्य आहे. तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टी मला खटकल्या. एक म्हणजे मधलाच वीतभर पट्टा उभा आहे आणि दुसरी म्हणजे आधी हात लावू द्यायची ती आता डोकं झटकते. दाट आयाळ दोन्हीकडे पडणं हे या लहान चणीच्या घोड्यांमध्ये अगदी नेहमीचं, पण मधेच आखूड ताठ पट्टा असेल तर बहुतेक वेळा ते केस वाढलेले नसतात, घासून तुटलेले असतात. म्हणजे प्रश्न वळणाचा नाही, खाजेचा असतो.

उद्या सकाळी उजेडात एवढं बघाल का.

त्या पट्ट्यातले दोन-चार केस हलकेच ओढा. मुळासकट सहज हातात येतात का, की मधे तुटलेली फाटकी टोकं आहेत? मग केस दुभागून कातडी बघा, कोंडा आहे, खपली आहे, गोल चट्टे आहेत की हलणारं काही दिसतंय. उवा असतील तर केसाच्या बुडाशी लिखा चिकटलेल्या दिसतात, ओढल्या तरी निघत नाहीत. गोल चट्टे म्हणजे नायटा, तो माणसालाही होतो, तसं असेल तर तो बरा होईपर्यंत मुलाला लांब ठेवा आणि तिचा ब्रश दुसऱ्या जनावराला वापरू नका. आणि ती बांधता तिथे एखादा खांब किंवा झाड गुळगुळीत झालंय का बघा.

अजून एक प्रश्न. शेळ्या आहेत म्हणालात, सुबाभूळ घालता का? आणि घोडी तो पाला खाते का?

आणि कृपा करून गोठ्यातलं गोचिडाचं औषध तिला लावू नका. गाईम्हशींना आपण अमिट्राझ सर्रास लावतो, घोड्याला ते चालत नाही, त्याने आतड्याची हालचाल मंदावते आणि पोटशूळ होऊन जनावर जाऊ शकतं. खाज दिसली की लोक पहिलं तेच करतात म्हणून आधीच सांगतेय.

रानवाट

डॉक्टर ताई, सकाळी सहालाच बॅटरी घेऊन गेले. केस मुळातून येत नाहीत, मधेच तुटलेत, टोकं अगदी झिजलेल्या सुतळीसारखी. उवा नाहीत, चट्टे नाहीत, पण बुडाशी कोंडा आहे भरपूर आणि दोन ठिकाणी बारीक खपल्या. आणि गोठ्याशेजारच्या कडुलिंबाचं खोड तिच्या मानेच्या उंचीला चक्क चकाकतंय, सालीत तिचे केस अडकलेत. मी रोज त्या झाडाखालून जाते आणि माझ्या लक्षात आलं नाही याचं फार वाईट वाटलं. मी तिला हट्टी समजत होते.

सुबाभूळ घालतो शेळ्यांना, राहिलेला पाला तिच्या पुढ्यात जातो. आजपासून बंद केलं. पण त्याने काय होतं?

गुरांची_डॉक्टर

सुबाभळीत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, त्याने घोड्याची आयाळ आणि शेपूट गळते. शेळ्यांच्या पोटातले जिवाणू ते पचवू शकतात म्हणून शेळी तगते, घोड्याचं पोट वेगळं. त्यात केस मुळातून सुटतात आणि ओढला की हातात येतो, तुमच्याकडे तसं नाही म्हणजे अजून तरी त्याचा त्रास झालेला नाही, पण बंद केलंत ते फार बरं केलंत.

तुमच्या वर्णनावरून मला चिलटांची ॲलर्जी वाटतेय. अगदी बारीक चिलटं असतात, डासापेक्षा लहान, ओल्या चिखलात आणि शेणात वाढतात, पहाटे आणि तिन्हीसांजेला येतात आणि नेमकी आयाळीच्या बुडाशी आणि शेपटाच्या मुळाशी चावतात. काही घोड्यांना त्यांच्या लाळेची ॲलर्जी असते, ते वेड्यासारखे घासतात. ही चिलटं उडायला अगदी दुबळी, साध्या पंख्याच्या वाऱ्यात टिकत नाहीत. म्हणून दुपारी चारनंतर सकाळी ऊन येईपर्यंत तिला आत बांधा, पंखा लावा, वायर आणि पंखा तिच्या तोंडाला लागणार नाही इतका उंच ठेवा. उकिरडा गोठ्याला लागून असेल तर लांब हलवा, पाणी साचत असेल तर चर काढून द्या. खपल्या आहेत म्हणून जवळच्या डॉक्टरांना एकदा प्रत्यक्ष दाखवाच, मानेत राहणाऱ्या एका जंतानेही अशी खाज येते आणि त्याचं औषध वेगळं, ते मी इथून ठरवू शकत नाही.

खाज थांबेपर्यंत वेणी नाही, केस उपटणं नाही. दुखऱ्या कातडीवर काहीही केलं तरी ती हात लावू देणार नाही आणि त्यात तिचा काही दोष नाही.

मेंढपाळाचा_पोर

ताई आमच्याकडं तीन भीमथडी आहेत, आजोबांच्या आधीपासनं. तुम्ही घोडी चांगली घेतली. आम्ही आयाळ उपटत बिपटत नाही कधी, फक्त कानामागं म्होरकीचा पट्टा बसतो तिथं दोन बोटं रुंद कापतो, म्हणजे पट्ट्याखाली घाम धरत नाही आणि केस ओढत नाहीत. बाकीची तशीच. उन्हात मान झाकते, माश्या बसू देत नाही, कोकणात पावसात पाणी तिच्यावरनं निथळून जातं. रायडिंग स्कूलच्या घोड्याला तबेल्यात पंखा असतो, आमच्या घोड्याला आयाळच आहे. त्यामुळं पागेतल्या दादाचा मान ठेवून सांगतो, पातळ करूच नका असं माझं मत.

दुसरं, ती एकटी आहे का तुमच्याकडं? आमच्या घोड्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांच्या मुक्कामावर, उभ्या असल्या की समोरासमोर तोंड करून एकमेकीच्या मानेच्या बुडाशी दातानं खाजवत राहतात, तासन्‌तास. एकटी घोडी कुणाला सांगणार, ती झाडालाच घासणार. तुम्ही स्वतः रोज तिथं खाजवा, खोगीर सुरू होतं तिथून जरा पुढं, बोटं रोवून. ओठ लांब करून हलवायला लागली की समजा बरोबर जागा सापडली.

गुरांची_डॉक्टर

दादा, अगदी खरं आहे हे. त्याच जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे मोजून बघितलेलं आहे. ताई, डोकं झटकणं मोडायचं असेल तर सुरुवात तिथून करा, कंगवा न घेता.

दफेदार_निवृत्त

उशिरा वाचलं. फौजेत घोड्यांवर २२ वर्षं काढली, आयाळीबद्दल थोडं सांगू शकतो.

आयाळ उजवीकडे पाडायची ही घोडदळातली आणि इंग्रजी रायडिंगमधली जुनी रीत आहे, चढताना आपण डावीकडून चढतो, तिकडे लगाम आणि हात मोकळा राहावा म्हणून. पण मैनाला परेडला जायचं नाहीये, तेव्हा जिकडे जास्त केस पडतात तिकडेच सगळी न्यावी, निसर्गाशी भांडण कशाला. तुमच्या लिहिण्यावरून खांद्याकडची जाडजूड बाजू उजवीकडे आहे, मग उजवीच धरा.

खाज पूर्ण थांबल्यावर, खपली उरली नाही की, असं करा. आठवडाभर फक्त पाणी. सकाळ संध्याकाळ ओला ब्रश मुळापासून उजवीकडे फिरवायचा, मुळं भिजली पाहिजेत, नुसती टोकं ओली करून उपयोग नाही कारण वळण मुळाला लागतं. तो पाच-दहा मिनिटांचा वेळ रोज ठरलेल्या वेळी, चंदी (दाणा) द्यायच्या आधी. दुसऱ्या आठवड्यापासून पेड घालायला घ्या. केस ओले करून तीन-चार बोटं रुंदीचा भाग घ्यायचा, साधी तिपेडी वेणी, आणि यात मेख अशी की पहिले दोन पेड सैल आणि खालच्या दिशेने घालायचे. पोरीची वेणी घालतो तशी मुळाशी आवळलीत तर वेणी बाहेर काटकोनात उभी राहते, कातडी ताणली जाते आणि ती परत झाडाकडे जाते, केलेलं सगळं पाण्यात. टोकाला छोटं रबर. चार-पाच दिवस ठेवा, मग सोडा, एक दिवस मोकळी, विंचरा, परत घाला. वेणी आठ-दहा दिवस तशीच राहिली तर तिथेच गुंता होतो आणि केस तुटतात. वेणीला खाली वजन बांधायचं काहीजण सुचवतील, माळावर चरणाऱ्या घोडीला अजिबात बांधू नका, तारेत नाहीतर झुडपात अडकून मान ओढली जाईल.

ताणाच्या कापडाची टोपी मिळते मानेवर चढवायची, थंड मुलखात रात्रभर घालतात. आपल्याकडच्या उकाड्यात ओल्या आयाळीवर तास-दोन तास, तेही तुम्ही समोर असताना, नाहीतर आत घाम कोंडून पुन्हा कातडीचं दुखणं.

पातळ करावी की नाही यावर दोघांचंही म्हणणं मला पटतं. मी असा मार्ग काढीन की पहिले दीड-दोन महिने काहीच काढायचं नाही, नुसतं वळण लावायचं. त्यानंतरही खालच्या थरामुळे वरची आयाळ टेकत नसेल तर पागेतला_गडी म्हणाले तशी अगदी थोडी. तिला उपटणं सोसत नसेल तर विरळ करायची दातेरी कात्री मिळते, ती आतल्या थरात, केसाच्या दिशेने उभी धरून चालवायची, आडवी कधीच नाही, आडवी चालवली की पायऱ्या पडतात. काहीजण खालचा बोटभर पट्टा मशीनने काढतात, दिसायला लगेच छान दिसतं पण महिन्याभरात खालून खुंट वाढून वरची आयाळ उचलतात, म्हणून वळण लावताना ते नको.

शेवटची गोष्ट मुलासाठी. त्याला आयाळ धरायला शिकवा. नवशिका तोल गेला की लगाम ओढतो आणि घोड्याचं तोंड दुखावतं. त्यापेक्षा मानेच्या मधोमध मुळाशी बोटं रुतवून मूठभर आयाळ पकडायची. ज्या आयाळीने तुम्ही त्रासलात तीच पोराला सांभाळेल, भादरून टाकली असती तर धरायला काही उरलं नसतं. आणि कापायची हौस म्हणून कानातले केस आणि ओठांवरच्या लांब मिशा कापू नका कुणी सांगितलं तरी, त्या मिशांनी घोडा नाकासमोरचं चाचपतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत तर १ जुलै २०२१ पासून मिशा कापलेला घोडा उतरवूच देत नाहीत.

पागेतला_गडी

दफेदार साहेब, पटलं. मी खाजेचा विचारच केला नाही, आमच्याकडे घोडे संध्याकाळी पंख्याखाली असतात त्यामुळे डोक्यात आलं नाही. ताई, आधी डॉक्टरांचं ऐका, मी सांगितलेलं उपटायचं नंतर. गुंता सोडवायचं तेवढं मात्र आजपासून करा.

रानवाट

दोन महिन्यांनी लिहितेय, सांगायचं होतंच.

आमच्या इथल्या डॉक्टरांनी येऊन बघितलं, चिलटांचंच निघालं. जंताचं औषधही दिलं वजनाच्या हिशोबाने. उकिरडा मळ्याच्या टोकाला हलवला, त्यात यजमानांचे दोन दिवस गेले, पंखा लावला, आणि चारला आत बांधायचं म्हणजे बांधायचं. पहिले १० दिवस काही फरक वाटला नाही, मी जवळजवळ नाद सोडला होता, मग एक दिवस लक्षात आलं की कडुलिंबाच्या खोडावर नवीन केस दिसत नाहीत. तिसऱ्या आठवड्यात कोंडा गेला.

मेंढपाळ दादा, ती जागा सापडली. खरंच ओठ लांब करते आणि माझ्या खांद्याला परत खाजवायला बघते, दात लागतात म्हणून तोंड जरा बाजूला करावं लागतं. डोकं झटकणं बंद झालंय. आता पोरगा बादली आणि ब्रश घेऊन आला की ती स्वतःच मान खाली घेते.

वळणाचं म्हणाल तर खांद्याकडचा आणि मधल्या पट्ट्याच्या आजूबाजूचा भाग उजवीकडे टेकतोय, सकाळी तरी. तुटलेला पट्टा दोन बोटं वाढलाय, अजून उभाच आहे पण त्याला वेणीत घेता येत नाही एवढा आखूड, म्हणून त्यावर नुसतं पाणी फिरवतो. कानामागची मात्र डावीकडेच पडते, सहा वेळा पेड घातले, सोडले की संध्याकाळपर्यंत परत डावीकडे. एकही केस उपटला नाही अजून. म्होरकीखालचे दोन बोटं तेवढे कापले, सासूबाईंना विचारून.

दफेदार काका, एक विचारायचं होतं. कानामागच्या केसांसाठी तिथे वेणी जास्त दिवस ठेवू का? आणि थंडीत ओलं करावं का तिला?

दफेदार_निवृत्त

छान केलंत. वेणी जास्त दिवस नको, तिथे म्होरकी घासते. म्होरकी काढलेली असते तेव्हा दिवसातून तीन-चार वेळा नुसता ओला हात फिरवा. थंडीत दुपारच्या उन्हात करा, सकाळी नको, आणि मुळं सुकल्याशिवाय आत बांधू नका. तेवढा भाग डावीकडेच राहिला तरी लगाम तिथे पोचत नाही, पोराला अडचण नाही. पुढच्या पावसाळ्यात मात्र चिलटं परत येणार, पंखा काढून ठेवू नका.

मेंढपाळाचा_पोर

ताई आम्ही दिवाळीनंतर परत कोकणात निघतो, वाट इंदापूरवरनंच आहे. एक दिवस वाडा तुमच्या रानात बसवू का, रानाला लेंडीखत होईल आणि मैनाला आमच्या घोड्यांसोबत उभं राहता येईल.

रानवाट

नक्की या. उसाशेजारचं रान तेव्हा मोकळंच असतं, विहिरीला पाणीही असतं.